दैववाद (मराठवाडा)

आयुष्यात जे घडते ते आधीच ठरलेले असते, माणसाने ते फक्त भोगायचे, असे मानणारी विचारपद्धती. मराठवाड्याच्या खेड्यांत तिचा परिचित विधी म्हणजे पाचवी. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी लेख लिहिते, या समजुतीने पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पुढे नापिकी असो की अपघात, ‘सटवीनं लिहिलेलं चुकत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो.

ही निव्वळ अंधश्रद्धा, असे म्हणून मोकळे होता येते. पण तिची मुळे शिवारातही आहेत. शेती बहुतांश कोरडवाहू. मृगात पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी. पीक हाती आले तरी भाव मिळेलच असे नाही. कष्ट आणि फळ यांचा मेळ वर्षानुवर्षे बसत नाही, तिथे नशिबावर बोट ठेवले की कर्त्या माणसाला दोष एकट्याने वाहावा लागत नाही.

खरी हानी होते ती माणसांनी केलेली व्यवस्था दैवाच्या नावावर खपते तेव्हा. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत ‘कोयता नशिबीच आहे’ असे सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात त्यांना बांधून ठेवते ती मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ती फिटली नाही की पुढचा हंगामही त्यातच जातो. मजुरी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते, त्यामुळे मुलामुलींची लग्ने लवकर उरकली जातात. कपाळावरच्या लेखापेक्षा उचलीचा हिशेब वाचायला सोपा, पण वही मुकादमाकडे असते.

जातीने वाट्याला आलेले हीन जिणे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ ठरवणे, हे या विचाराचे सर्वांत कठोर रूप. त्याविरुद्ध लढणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. दलित साहित्याच्या जडणघडणीत या महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे.

अलीकडे ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या शिकवण्यांसाठी कर्ज काढणारे किंवा जमीन विकणारे शेतकरीही पाचवी पुजतात. कष्टाचे फळ दिसण्याची शक्यता असली की त्यांना सटवाई अडवत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची सरकारी योजना आहे. त्यामुळे आईबाप फडावर गेले तरी मुलांना शाळेत राहता येते.