पिवळी चवली, पांढरा पैसा आणि नाण्यांच्या रंगाची भानगड

दिवाळीची साफसफाई निघाली की लालबाग-गिरगावात माळ्यावरून बिस्किटाचा गंजका डबा खाली येतोच. आमच्याकडे आला त्यात आजीची चौकोनी चवली (दोन आण्यांचं नाणं) होती, पण पिवळीधम्मक. फोटो फॅमिली ग्रुपवर गेला आणि पाच मिनिटांत भाचा म्हणाला, मावशी विकू नकोस हं, असल्याला लाखो मिळतात!

तर नाही मिळत. चवली मुळात निकेल-तांब्याची, म्हणजे पांढरी, पण दुसऱ्या महायुद्धात निकेल शस्त्रांच्या कारखान्यांकडे वळलं आणि 1942 ते 1945 मध्ये सरकारने आणा, चवली वगैरे निकेल-ब्रासमध्ये, म्हणजे निकेल मिसळलेल्या पितळेत, पाडली, म्हणून पिवळी. 1946 ला परत पांढरी. त्याच टंचाईत तांबं वाचवायला 1943 पासून भोकाचा पैसा आला. ही नाणी ढिगाने पाडलेली, फोर्टच्या फुटपाथवर आजही सहज मिळतात.

आपल्या मुंबईत तर पैशाचा रंग आधीपासूनच बदलता. अठराव्या शतकात कंपनी सरकार इथे चक्क कथलाचे पैसे पाडायचं, म्हणजे तांबडा नाही, पांढरा पैसा! फोर्टातली टांकसाळ उभी राहिली 1829 ला, ती आजही रिझर्व्ह बँकेसमोर आहे, आणि तिथल्या नाण्यांवर सालाखाली बारीक चौकट किंवा ठिपका दिसतो. तो बघून काही लोक उगाच एक्साइट होतात, पण ती फक्त टांकसाळीची खूण.

स्वातंत्र्यानंतरही तेच. 1957 ला नवे पैसे आले तेव्हा एक नवा पैसा कांस्याचा तांबूस होता, 1962 ला तो निकेल-ब्रासचा झाला, त्यामुळे त्या एकाच सालाचे दोन रंगांचे पैसे सापडतात आणि दोन्ही अस्सल, मग 1965 पासून एक पैसा अॅल्युमिनियमचा, हातात घेतला तर वजनच लागत नाही. 1968 ला वीस पैशांचं पिवळं कमळवालं नाणं आलं, त्यात सोनं असतं अशी आमच्या चाळीत वावडी होती, बायका ते लक्ष्मीपूजनाला जपून ठेवायच्या. होतं पितळच. पाच रुपयाचं तर तुम्हीच बघितलंय: 1992 चं जाडजूड 9 ग्रॅमचं, मग 2007 ला 6 ग्रॅमचं स्टीलचं, 2009 पासून पिवळं. जाड नाणं वितळवून दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्या तेव्हा भरपूर यायच्या. धातूचा भाव नाण्यावरच्या आकड्याच्या पुढे गेला की सरकार धातू बदलतं, आणि आपण म्हणतो, अरे रंग वेगळा!

दुसरा प्रकार म्हणजे नाणं नंतर रंगलेलं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तांबं काळंहिरवं पडतं, पितळेतलं जस्त निघून गेलं की ते गुलाबी दिसतं, स्टीलचं नाणं गॅसवर तापलं की निळंजांभळं होतं (मी लहानपणी केलंय, मार खाल्लाय). तांब्याच्या पैशाला पारा चोळला की चांदीसारखा चमकतो. मुलामा देऊन फसवणं तर जुनाच धंदा, इंग्लंडात 1887 ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचा सहा पेनीचा चांदीचा शिक्का अर्धा सॉव्हरिन नावाच्या सोन्याच्या नाण्यासारखा दिसायचा, लोकांनी सोन्याचं पाणी देऊन खपवला आणि सरकारला ते डिझाइन मागे घ्यावं लागलं.

मग खरंच मोलाचं काही असतं का? असतं, पण चुकीच्या धातूच्या कोऱ्या चकतीवर ठसा बसला तर. अमेरिकेत 1943 ला तांबं युद्धासाठी राखून सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे पाडले, त्यात थोड्या जुन्या कांस्याच्या चकत्या चुकून गेल्या आणि त्यांनाच आज प्रचंड किंमत आहे. साध्या सेंटला तांब्याचा मुलामा देऊन खपवणारेही निघालेच, पण लोहचुंबक लावला की पोलादाचा चटकन चिकटतो, कांस्याचा ढिम्म. आपल्या नाण्यांचंही तसंच, सोनाराच्या काट्यावर वजन बघा, चुंबक लावा, त्याच सालच्या दुसऱ्या नाण्याशेजारी ठेवून बघा, आणि पितांबरीने घासू तर अजिबात नका, शौकीन माणूस घासलेलं नाणं हातात धरत नाही.

आणि कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन करून जुनं नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा म्हणालं तर फोन ठेवा, बँकेने 2021 ला स्वतःच सांगितलंय की ती असले व्यवहार करत नाही.

भाच्याला हे सगळं टाइप करून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, मग पाचशेला मला दे.