मोठा बूस्टर, कमी अंतर?

‘जुन्या, इंजिन मॉडिफाय केलेल्या गाडीला मोठा व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा डबा) टाका, गाडी लवकर थांबते.’ पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्ट शोधताना हे हमखास ऐकू येतं, फॉरवर्डही होतं.

तसं वाटणं साहजिक आहे, कारण मोठ्या बूस्टरने पेडल खरंच हलकं होतं. पण बूस्टर फक्त पायाला मदत करतो. आहे त्या बूस्टरवर चाकं लॉक होत असतील, तर पुढचं सगळं टायरच्या पकडीवर.

बूस्टरचा जोर म्हणजे डायफ्रामचं (आतल्या लवचिक पडद्याचं) क्षेत्रफळ गुणिले त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे बाहेरची हवा आणि इंजिनचा व्हॅक्यूम यांतला. रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) बसवला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असलं की, व्हॅक्यूम कमी होतो. मग 18 इंच (पाऱ्याच्या इंचांत मोजलेल्या) व्हॅक्यूमवर 8 इंच व्यासाचा बूस्टर जेवढा जोर देतो, तेवढा 10 इंच व्हॅक्यूमवर 10 इंच व्यासाचा बूस्टरही देत नाही! त्यात पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर, हवेचा दाबच कमी. व्हॅक्यूमचे दीड-दोन इंच इथेच गेले.

तपासायचं असं: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा. कडक झालं की दाबून धरूनच स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. मग मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) व्हॅक्यूम गेज लावा. काटाच खाली असेल तर आधी होज आणि चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बघा, नंतर व्हॅक्यूम पंपाचा विचार.