शतपावली आणि मागचं दार

परवा रात्री साडेदहाला आमचे काका झोपाळ्यावर बसून घड्याळाचा हात जोरजोरात हलवत होते. "नऊ हजार सातशे झालेत, तीनशेच राहिलेत!" टाईप २ मधुमेह असलेला माणूस स्मार्टवॉचला फसवत होता, आणि ते फसतही होतं. त्यातल्या त्वरणमापकात सिलिकॉनचे इवले कंगवे असतात. हात हलला की त्यांचे दाते सरकतात आणि त्या लयीवरून पावलं मोजली जातात. पाय जागचे हललेच नाहीत, हे त्याला कुठून कळणार?

दहा हजार हा आकडा तरी कुठे डॉक्टरांनी ठरवलाय? १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पाऊलमापक विकायला आलं. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर! दुकानदारीतला गोल आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला.

मोजण्याचा उपयोग होतो, हे मात्र खरं. २००७ मधल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात पाऊलमापक लावणारी माणसं दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालताना दिसली. पण मधुमेह्याने किती चाललं याइतकंच कधी चाललं हेही बघायला हवं, आणि त्याचं कारण मला फार आवडतं.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. साखर आत घेणारी दारं म्हणजे ग्लूट-४ नावाची प्रथिनं. ती एरवी पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्सुलिनने बाहेरून कडी वाजवली की निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात 'एकेटी'पर्यंत पोचतो. ते 'एएस१६०' नावाच्या पहारेकऱ्याला बाजूला सारतं आणि पिशव्या पेशीच्या कडेला येऊन चिकटतात. टाईप २ मध्ये हा निरोपच अडखळतो. पण स्नायू आकुंचन पावला की आतलं कॅल्शियम वाढतं, इंधन खर्ची पडल्याने 'एएमपीके' नावाचं प्रथिन जागं होतं, आणि इन्सुलिनची वाट न बघता तीच दारं कडेला येतात. पुढचं दार गंजलं तरी मागचं उघडतं! व्यायामानंतर स्नायू दिवसभर तरी इन्सुलिनचं जास्त ऐकतात, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये म्हणतात.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाईप २ च्या ४१ जणांवर हे तपासलं. रोज कधीही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्या शतपावलीची शंभर पावलं त्यासाठी थोडी कमीच पडतील, पण वेळ अचूक आहे.

आता सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळंही विकायला आली आहेत. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. व्हॉट्सॲपवरच्या 'कारल्याच्या रसाने मधुमेह मुळापासून बरा'च्या शेजारीच त्यांना बसवावं.

दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजते, रक्ताच्या काही मिनिटं मागे राहून. काकांनी तो चौदा दिवस लावला. दोन रात्री तीच भाकरी, तीच आमटी; एकदा जेवून आडवे झाले, एकदा पंधरा मिनिटं चालले. मोबाईलवर पहिल्या रात्रीचा डोंगर आणि दुसरीची टेकडी त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिली. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत.

आता घड्याळ रात्री सव्वानऊला थरथरतं, आणि काकू मालिका अर्ध्यावर सोडून चपला शोधायला लागतात.