स्लॅबवर हिरवं करायचंय? झाडं आपला पाऊस बघून निवडा

स्लॅबवर बाग करून घ्यायला आमच्याकडं येणारे बरेचजण मोबाईलवर फोटो दाखवतात, परदेशातल्या कुठल्यातरी छपरावर सेडमचा, म्हणजे जाड पानांच्या बुटक्या झाडाचा गालिचा पसरलेला, आणि म्हणतात अस्संच पाहिजे बघा, पाणी घालायची कटकट नको. पण ते थंड हवेतलं झाड, आपल्या बेळगावात आषाढात ऊनच दिसत नाही तेव्हा ते मुळातनं कुजतं. आमच्या पहिल्या कामात आम्हीपण तेच लावलं होतं, गणपतीपर्यंत निम्मं गेलं आणि आमच्याच खर्चानं परत लावून दिलं. तेव्हापासून दोनच गोष्टी बघतो, पावसात कुजणार नाही ना आणि शिमग्यानंतर स्लॅब तापला की जळणार नाही ना.

सगळ्यात भरवशाची म्हणजे पानफुटी, रिओ (पानं वरून हिरवी, खालून जांभळी) आणि पावसाळी लिली. लिली तर उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, लोक उपटून टाकतात, टाकू नका, खाली कांदा जिवंत असतो आणि वळीव पडला की आठवड्याभरात फुलं येतात. कडेला गवती चहा लावा, चहापुरता रोज तोडता येतो. ओव्याचं पानपण चांगलं चालतं, नर्सरीत कानडीत दोड्डपत्रे म्हणून मागा, लगेच देतील. कोरफड आणि ऑफिस टाइम (सकाळी दहाच्या सुमाराला फुलणारं ते) ही अथणी, रायबागकडं झकास, तिकडं पाऊस कमी, पण खानापूर-जांबोटीकडं लावायची असतील तर उंचवट्यावरच, पाणी तुंबलं की संपली. कोरफडीसारखी झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा बंद ठेवतात, म्हणून पाणी कमी उडतं आणि 3-4 इंच मातीतपण तग धरतात.

लॉन मात्र आम्ही स्लॅबवर कुणालाच सुचवत नाही, उन्हाळ्यात रोज पाणी मागतो.

आता वजन, हे नीट वाचा. शेतातली लाल माती 4 इंच टाकली आणि भिजली की चौरस फुटाला 15 ते 18 किलो भरते. माणसं वर ये-जा करतात अशा गच्चीला भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला 150 किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण 14 किलो, त्यातच माणसंपण आली. म्हणून आम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं कंपोस्ट आणि फुटक्या कौलांचा चुरा असं हलकं मिश्रण वापरतो, तरीपण इंजिनिअरनं स्लॅब बघितल्याशिवाय काम घेत नाही, कितीही ओळखीचे असले तरी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी साठवून गळती बघायची, त्यावर मुळं अडवणारी शीट, मग पाणी वाहून जायचा थर, आणि पाइपच्या तोंडाशी फूटभर जागेत नुसती खडी.

लावणीला आम्हाला गणपती ते दसरा हा काळ बरा वाटतो, मोठा पाऊस सरलेला असतो आणि उन्हाळ्याआधी मुळं धरतात. पहिले दोन महिने एक दिवसाआड पाणी, नंतर उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पुरतं. खत वर्षातनं एकदाच द्या, जास्त दिलं की पानं पिलपिलीत होतात.

देखभाल कमी म्हणजे अजिबात नाही असं नाही हं. पावसाळ्यानंतर एकदा वर जाऊन गाजर गवत काढा, आणि पिंपळ-उंबराचं रोपटं दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट उपटा, एकदा का मूळ भेगेत शिरलं की स्लॅब फोडल्याशिवाय निघत नाही.

आम्हाला बोलवायच्या आधी स्लॅब कुठल्या सालचा, कुठं गळतो का आणि पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यातनं उतरतं, एवढं बघून ठेवा.