जुन्या लाकडाचा टीपॉय (बडोदे)

पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, फळ्या, दारे किंवा कारखान्यांतल्या यंत्रांच्या खोक्यांचे लाकूड पुन्हा वापरून, दिवाणखान्याच्या मापाने घडवलेले बुटके शोभेचे मेज. बडोद्यातले असे काम मुख्यतः जुन्या सागावर चालते. टीपॉय सुतार घडवतो खरा, पण त्याचे रूप बरेचसे त्या लाकडाने आधीच्या घरात काय काम केले यावर ठरते. आधी चित्र पसंत करून मग त्याबरहुकूम लाकूड शोधायला निघणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

अठराव्या शतकात गायकवाडांची सत्ता बडोद्यात स्थिरावली आणि तिच्यामागोमाग सरदार, मानकरी, कारकून, शास्त्री अशी मराठी कुटुंबे येथे आली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत त्यांची वस्ती झाली. वाड्यांच्या भिंती विटांच्या, पण सांगाडा लाकडाचा, आणि डांग व राजपीपळ्याची सागाची जंगले फार दूर नव्हती. दिवाण भाऊ तांबेकर यांचा भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चारमजली वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणामुळे उभा आहे. बाकीच्या कित्येक घरांच्या वाटण्या झाल्या, जागी फ्लॅट आले आणि लाकूड ‘काटमाळ’, म्हणजे पाडलेल्या घराचे जुने लाकूड, म्हणून विकले गेले. इमारत पाडणाऱ्याकडून ते लाटीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, येते. कोरीव दार टीपॉयपेक्षा दाराच्या जागीच शोभते, हे येथे नमूद केले पाहिजे. टीपॉयसाठी कोणी उभे घर उतरवू नये.

वाड्याचा कोणता भाग हाती आला, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या वरच्या पृष्ठभागासाठी उत्तम: रुंद, सरळ आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेल्या. तुळईतून पाय निघतात. मात्र तिची भिंतीत गाडलेली टोके ओलीने कुजलेली असतात, तेवढी कापून टाकावी लागतात. वासे बारीक असल्याने फार तर खालच्या आडव्या पट्ट्यांना चालतात. उंबरठा वर्षानुवर्षांच्या पावलांनी मधोमध झिजलेला असतो. तो रंध्याखाली घालून सपाट करण्यापेक्षा तसाच खालच्या फळीला वापरावा. दाराची फळी सर्वांत मोहाची आणि सर्वांत अडचणीची, कारण उठावाच्या नक्षीवर कप उभा राहत नाही. म्हणून वर आठ मिलिमीटरची टफन्ड काच ठेवतात. चार फूट बाय दोन फुटांची अशी काच जवळपास १५ किलो भरते, तेव्हा खालची चौकट त्या वजनाला पुरेल अशीच करावी लागते.

खरा वेळ जातो तो साफसफाईत. प्रत्येक तुकड्यावरून जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फिरवून खिळे शोधतात. जुने घडीव चौकोनी खिळे जंबुराने ओढताना डोके तुटून धड आतच राहते, आणि तोच तुकडा पुढे रंध्याच्या पात्याचा दात पाडतो. खिळ्याभोवती लोखंड आणि लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य मिळून काळा डाग पडलेला असतो. तो खरवडून काढण्याचा आग्रह काही गिऱ्हाईक धरतात. तसे करायचे तर नवीन साग काय वाईट होता? भोके दिसली तर तुकडा सफेद कागदावर आपटून पाहतात. ताजी बारीक भुकटी पडली तर किडा अजून जिवंत आहे असे समजून बोरॅक्सचे पाणी दिले जाते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेच्या फिकट भागाला ती सोडत नाही. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवणे धोक्याचे. तो ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क असावा आणि लहान मुले जवळ नसावीत.

सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे फेव्हिकॉल लावण्याच्या थोडे आधी सांध्याची जागा थिनरने पुसून घेतात. पट्टीचे टोक पायातल्या खाचेत बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकली की सांधा हलत नाही. वरच्या फळ्या मात्र चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने आवळू नयेत. बडोद्याचा मे कोरडा ठणठणीत आणि जुलै दमट. दोन फूट रुंद फळी या फेऱ्यात तीन-चार मिलिमीटर सरकू शकते. स्क्रूची भोके लांबट ठेवली तर ती खुशाल सरकते, नाहीतर स्वतःच फाटते.

पाय संखेड्याचे लावण्याची रीत खास या बाजूची म्हणावी लागेल. पूर्वी बडोदे जिल्ह्यात असलेले आणि आता छोटाउदेपूर जिल्ह्यातले संखेडा हे लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लेथवर फिरणाऱ्या सागावर कथिलाच्या रंगाने नक्षी काढतात, वर लाख चढवतात, आणि चंदेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. असे झगझगीत पाय आणि वर राकट जुनी फळी हा मेळ सगळ्यांना रुचत नाही. पण गुळगुळीत पॉलिश केलेल्या फळीखाली ते पाय आणखीच भडक दिसतात.

चपडा पॉलिशने, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने, जुन्या सागाला जी झाक येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. मात्र गरम कपाचे पांढरे वर्तुळ त्यावर हमखास उमटते, आणि दारू सांडली तर चपडा विरघळतो. गुजरातेत हा दुसरा प्रश्न निदान कागदोपत्री उद्भवत नाही. सेव-उसळीची तर्री मात्र रोजची, म्हणून वापरातल्या टीपॉयला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा थर बरा. जवसाचे तेल लावणाऱ्यांनी तेलकट चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

मकरपुरा औद्योगिक वसाहतीसारख्या भागांत यंत्रांच्या खोक्यांचे पाइन स्वस्तात मिळते. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात आणू नये.

उंची साधारणपणे १६ ते १८ इंच, सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा इंचभर कमी. ज्या घरात झोपाळा आहे तिथे हे गणित पुरत नाही: झोपाळा पूर्ण झोक्यात असताना बसणाऱ्याचे पाय कुठवर येतात ते आधी मोजून, मगच टीपॉयची लांबी ठरवतात आणि कोपरे गोल करतात.