तोरिनो फुटबॉल क्लब

तोरिनो हा इटलीच्या पीडमाँट प्रांतातील तुरिन शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. 3 डिसेंबर 1906 रोजी शहरातल्या एका बिअरगृहात झालेल्या बैठकीत त्याची स्थापना झाली. तुरिनच्याच युव्हेंटस क्लबमधून फुटून निघालेले अल्फ्रेड डिक आणि त्यांचे सहकारी ‘तोरिनेझे’ या जुन्या क्लबला येऊन मिळाले. पहिल्या दिवसापासूनच शेजारच्या क्लबशी वैर जडले, ते असे. जानेवारी 1907 मधल्या पहिल्याच लढतीत तोरिनोने युव्हेंटसला 2-1 ने हरवले. संघाच्या गडद डाळिंबी सदऱ्यामुळे खेळाडूंना आणि चाहत्यांनाही ‘ग्रनाता’ म्हणतात.

1927 मध्ये जिंकलेले इटालियन लीगचे विजेतेपद काढून घेतले गेले. युव्हेंटसच्या एका बचावपटूला लाच देऊ केल्याचा ठपका क्लबच्या पदाधिकाऱ्यावर आला होता. पुढच्याच वर्षी बालोन्चिएरी, लिबोनात्ती आणि रोझेत्ती या आघाडीच्या त्रिकुटाने ते मैदानावर परत मिळवले.

क्लबचे नाव जगभर पोहोचले ते ‘ग्रांदे तोरिनो’, म्हणजे महान तोरिनो, या संघामुळे. हा संघ आज 1949 च्या विमान अपघातासाठी आठवला जातो, पण त्याचा खेळही तितक्याच बारकाईने समजून घ्यायला हवा. 1939 मध्ये अध्यक्ष झालेल्या फेरुच्चो नोव्हो यांनी इटलीत रूढ असलेली दोन बचावपटूंची जुनी मांडणी सोडून इंग्लंडची ‘डब्ल्यूएम’ मांडणी आणली. तीत मागे तिघे, पुढे तिघे आणि मधोमध चौघांचा चौकोन असतो. मागचा प्रत्येक जण आपापल्या प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहतो. चौकोनातले चौघे दमले की मागच्या तिघांवर सगळा भार येतो आणि मांडणी फाटते. तोरिनोचा चौकोन सहसा फाटत नसे. ग्रेझार आणि कास्तिल्यानो चेंडू हिसकावत, तर 1942 मध्ये व्हेनेझियाकडून एकत्र आणलेले लोइक आणि कर्णधार व्हालेंतिनो मात्सोला तो पुढे नेत. हे दोघे बचावालाही तितकेच धावत. 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे इटली सोडावी लागलेले हंगेरियन ज्यू प्रशिक्षक एर्नो एर्बस्टाइन युद्धानंतर परतले आणि त्यांनी या संघाला घासूनपुसून घेतले.

1943 मध्ये लीग आणि चषक दोन्ही मिळाले. मग युद्धाची खंडित वर्षे सोडली, तर 1946 ते 1949 अशी सलग चार विजेतेपदे. 1947-48 मध्ये 40 सामन्यांत 125 गोल झाले आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा 16 गुण जास्त मिळाले. तेव्हा विजयाला दोनच गुण असत. 11 मे 1947 रोजी हंगेरीविरुद्ध खेळलेल्या इटलीच्या अकरा जणांत दहा तोरिनोचे होते, फक्त गोलरक्षक युव्हेंटसचा होता. घरच्या फिलाडेल्फिया मैदानावर खेळ रेंगाळला, की बोल्मिदा नावाचा रेल्वे कर्मचारी प्रेक्षकांतून कर्णा फुंकी. मात्सोला बाह्या वर सारी आणि पुढचा पाव तास संघ तुटून पडे.

मे 1949 मध्ये हा संघ बेन्फिकाशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला लिस्बनला गेला. 4 मे रोजी परतताना तीन इंजिनांचे फियाट जी-212 विमान खाली उतरलेल्या ढगांत वाट चुकले आणि शहरालगतच्या सुपेर्गा टेकडीवरील बॅसिलिका या मोठ्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळले. त्यात 18 खेळाडूंसह 31 जण दगावले. माजी राष्ट्रीय प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोत्सो यांनी मृतदेहांची ओळख पटवली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे सौरो तोमा हा बचावपटू घरीच राहिला होता, म्हणून वाचला. लीगचे चार सामने बाकी होते. तोरिनोने ते कुमार खेळाडूंना घेऊन खेळले, प्रतिस्पर्ध्यांनीही कुमार संघच उतरवले आणि चारही सामने तोरिनोने जिंकले. पुढच्या वर्षी इटलीचा संघ विश्वचषकासाठी विमान टाळून ब्राझीलला बोटीने गेला.

एका फटक्यात पूर्ण संघ आणि प्रशिक्षक गेल्यावर पैसा ओतूनही ती घडी पुन्हा बसत नाही. 1959 मध्ये क्लब प्रथमच खालच्या विभागात घसरला. 1967 मध्ये लाडका विंगर जीजी मेरोनी रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेने गेला. आठवड्यानंतर तोरिनोने युव्हेंटसला 4-0 ने हरवले.

आजवरचे शेवटचे विजेतेपद 1975-76 चे. प्रशिक्षक जीजी रादिचे यांनी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातच दबाव टाकणारा खेळ बसवला. पुलिची आणि ग्रात्सियानी गोल करीत राहिले. पाच गुणांनी पुढे असलेल्या युव्हेंटसला मागे टाकून तोरिनो दोन गुणांनी जिंकले. घरच्या 15 पैकी 14 सामन्यांत विजय मिळाला. पुढच्या हंगामात 30 सामन्यांत 50 गुण मिळवूनही एका गुणाने विजेतेपद हुकले. 1992 च्या युएफा चषक या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत डच क्लब आयाक्सविरुद्ध 2-2 आणि 0-0 अशा बरोबऱ्या झाल्या, पण बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो, या नियमाने चषक गेला. 1993 मध्ये इटालियन चषक मिळाला.

2005 मध्ये जुनी संस्था दिवाळखोरीत निघाली. उर्बानो कैरो यांच्या मालकीची नवी संस्था उभी राहिली, आणि 2012 पासून संघ पुन्हा सर्वोच्च विभागात, सेरी आ मध्ये, आला. दरवर्षी 4 मे रोजी कर्णधार सुपेर्गावर मृतांची नावे वाचतो. पाडून टाकलेले फिलाडेल्फिया 2017 मध्ये सराव मैदान म्हणून पुन्हा उघडले. जुन्या स्टँडचे उरलेले तुकडे तिथे जपून ठेवले आहेत.