जबड्याचं हाड एक की दोन?

हनुवटीवर बोट ठेवा आणि मधोमध जरा दाबून बघा, कुठे सांधा लागतोय का? नाही लागणार, कारण मोठ्या माणसाचा खालचा जबडा म्हणजे एकच सलग हाड. पण युरोपात शेकडो वर्षं डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवायचे की ती दोन हाडं आहेत, का तर दुसऱ्या शतकात रोममधल्या गॅलेन या वैद्याने तसं लिहून ठेवलेलं. गॅलेन कमालीचा हुशार होता, पण रोममध्ये माणसाचं प्रेत फाडायची सोय नव्हती म्हणून त्याने माकडं, डुकरं, कुत्री असं जे मिळालं त्यावर काम केलं, आणि कुत्र्याच्या जबड्याचे दोन भाग खरंच आयुष्यभर वेगळे राहतात!

बरं, नंतर डिसेक्शन, म्हणजे माणसाच्या प्रेताची चिरफाड, होत नव्हतं असंही नाही. इटलीतल्या बोलोन्याच्या मोंदिनो या शिक्षकाने १३१६ च्या सुमारास त्यावर पुस्तक लिहिलंय. पण पुढे पद्धत अशी पडली की प्रोफेसर उंच खुर्चीवर बसून पुस्तक वाचणार, खाली न्हावी-सर्जन चिरणार आणि तिसराच कोणी काठीने अवयव दाखवणार. वाचणाऱ्याचा हात प्रेताला लागत नाही, चिरणाऱ्याला बहुतेक वेळा लॅटिन कळत नाही, मग चूक पकडणार कोण?

व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने पकडली. १५३७ मध्ये २३ व्या वर्षी तो इटलीतल्या पादुआत शिकवायला लागला आणि सुरी स्वतःच हातात घेतली. १५४३ च्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या चित्रात तो गर्दीच्या मधोमध उभा राहून स्वतः प्रेत उघडतोय, न्हावी टेबलाखाली गेलेत. यावर त्याचे पॅरिसचे गुरू सिल्व्हियस इतके चिडले की म्हणाले, गॅलेन बरोबरच आहे, माणसाचं शरीरच तेव्हापासून बदललंय!

मला इथे सुश्रुतसंहिता आठवते. तिच्यात प्रेत मुंज गवत वगैरेत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री नदीच्या पाण्यात ठेवायला सांगितलंय, मग कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर बघायचा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं की ज्ञान वाढतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

पण प्रेतं आणायची कुठून? हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात बर्क आणि हेअर या दोघांनी १६ खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली, १८२८ मध्ये ते उघडकीला आलं आणि १८३२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला, तर त्यात बेवारस म्हणून जास्त करून वर्कहाऊसमधल्या, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घ्यायच्या जागांतल्या, गरिबांचेच देह टेबलावर आले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आज देहदान करणारा माणूस जिवंतपणी स्वतः हो म्हणतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि थ्रीडी ॲप्स आली तरी देह लागतोच. पित्ताशयाला रक्त नेणारी धमनी पुस्तकात एका ठरावीक जागी दिसते, प्रत्यक्षात कुणाची वेगळीकडून निघते, कुणाला दोन असतात, आणि ऑपरेशनमध्ये क्लिप लावायच्या आधी सर्जनला ती त्याच पेशंटच्या पोटात शोधावी लागते.